पैसे वेळेवर भरूनही गुण का घसरले?

प्रश्न : मी इंदूरला रामबागेत राहते आणि घरून फराळाच्या ऑर्डरी घेते. तूप, बेसन, सुकामेवा सियागंजमधून क्रेडिट कार्डावर आणते. कार्डाची मर्यादा 60 हजार. दिवाळीआधी महिन्याच्या पहिल्या आठवड्यातच 52 हजारांची खरेदी झाली. बिल 16 तारखेला निघतं आणि पुढच्या 5 तारखेच्या आत मी पै न पै भरते. तरी सिबिल स्कोर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, 781वरून 738वर आला. डिलिव्हरीच्या व्हॅनसाठी कर्ज हवंय. 40 हजार मर्यादेचं एक जुनं कार्ड नुसतं पडून आहे. ते बंद केलं तर स्कोर सुधारेल का?

उत्तर : जुनं कार्ड बंद करू नका. हे आधीच सांगतो, नाहीतर उत्तर शेवटपर्यंत वाचायच्या आत तुम्ही बँकेला फोन लावलेला असायचा.

तुमची परतफेड चोख आहे. गुण अडलेत ते मर्यादेपैकी किती रक्कम वापरात दिसते, यावर. जानेवारी 2025पासून बँकांना निदान पंधरा दिवसांतून एकदा खात्याची स्थिती क्रेडिट ब्युरोंना, म्हणजे कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलसारख्या संस्थांना, कळवावी लागते. तुमच्या खात्यात 15 तारखेला बघितलं तर 52 हजार, 31 तारखेला बघितलं तरी 52 हजार. 4 तारखेला तुम्ही सगळं फेडता, तेव्हा बघायला कुणी नसतं! त्या कार्डावर 87 टक्के वापर, दोन्ही कार्डं मिळून 52 टक्के. जुनं कार्ड रद्द केलंत की एकूण वापरही 87 टक्क्यांवर जाईल.

मी बँकेत कर्ज विभागात होतो. मर्यादेच्या काठावर आलेला ग्राहक दिसला की अधिकाऱ्याच्या मनात पहिली शंका पैशांच्या ओढीची येते. सणाचा हंगाम आहे, हे आकड्याला कळत नाही. मला हे थोडं अन्यायाचंच वाटतं, पण हिशोब असा चालतो.

वापर 30 टक्क्यांच्या आत ठेवावा म्हणतात. तो रिझर्व्ह बँकेचा नियम नव्हे, नुसता अंदाज आहे. 31 टक्के झाले म्हणून घाबरू नका. बिलाची वाट न बघता 12 तारखेपर्यंत 37 हजार भरून टाका. उरतील 15 हजार, म्हणजे त्या कार्डावर 25 टक्के. पण एवढे पैसे तेव्हा हातात असतात का? फराळाचे पैसे लोक डबा घरी पोचल्यावर देतात, त्यात ओळखीचे तर पाडव्यानंतर. म्हणून मोठ्या ऑर्डरीला निम्मी रक्कम आगाऊ घ्या. संकोच करू नका, तूपवाला तुमच्यासाठी थांबत नाही.

मर्यादा वाढवून मागणं हाही मार्ग आहे. वाढलेल्या मर्यादेबरोबर खरेदी वाढणार नसेल, तरच. आणखी एक, बऱ्याच बँकांच्या अटींनुसार वैयक्तिक कार्ड धंद्याच्या खरेदीसाठी नसतं. व्याप वाढतोय तर चालू खातं उघडून व्यवसायाचं कार्ड किंवा ओव्हरड्राफ्ट, म्हणजे खात्यात असलेल्यापेक्षा जास्त पैसे ठरावीक मर्यादेत उचलायची सोय, मागा.

जुन्या कार्डावर अधूनमधून विजेचं बिल भरत जा. वर्षाहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड बँक तुम्हाला कळवून बंद करू शकते. त्याची वार्षिक फी जबर असेल तर मात्र माझा सल्ला बदलेल. तेव्हा आधी व्हॅनचं कर्ज होऊ द्या, मग ते काढून टाका.

चुकलेला हप्ता अहवालात 36 महिने दिसत राहतो. वापराचं तसं नाही. रक्कम उतरली की पुढच्या एक-दोन नोंदींत गुण बहुधा सावरतात. तेव्हा व्हॅनचा अर्ज दिवाळीची गडबड संपून कार्डावरचं देणं खाली आल्यावर करा, आणि एकाच वेळी चार बँकांत करू नका, कारण प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते. स्वतः स्कोर बघितल्याने तो कमी होत नाही. प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तो मागवलात की दोन्ही कार्डांच्या मर्यादा बरोबर लिहिल्यात ना, तेवढं तपासा.