फेज प्रिव्हेंटरचं सिम्बॉल वायर तोडत नाही, काय करावं?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं पॅनेलचं वर्कशॉप आहे. ऑटोकॅड इलेक्ट्रिकल या वायरिंगची ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये सिंगल फेजिंग प्रिव्हेंटरचं (तीनपैकी एक फेज गेला की मोटर बंद करणाऱ्या उपकरणाचं) मनासारखं सिम्बॉल मिळालं नाही, म्हणून चौकोन काढून साधा ब्लॉक केला. दिसायला ठीक आहे. पण कॉन्टॅक्टच्या दोन्ही बाजूंना एकच वायर नंबर येतो आणि बीओएममध्ये (सामानाच्या यादीत) प्रिव्हेंटर येतच नाही.
– एक वाचक, शिरोली

उत्तर : या सॉफ्टवेअरला रेषा कळत नाहीत, ॲट्रिब्यूट (ब्लॉकमध्ये भरलेली नावाची माहिती) कळतात. ब्लॉकला वायर जोडण्याचं ॲट्रिब्यूट नसेल तर वायर त्याच्याखालून सरळ निघून जाते. तुटत नाही, म्हणून नंबरही बदलत नाही. आणि टॅग (उपकरणाच्या नावाचं ॲट्रिब्यूट) नाही म्हटल्यावर बीओएममध्ये तरी काय येणार?

तोच चौकोन सॉफ्टवेअरमधल्या सिम्बॉल बिल्डरमध्ये उघडा. आर, वाय, बी ची सेन्सिंगची बाजू एक सिम्बॉल आणि कॉन्टॅक्ट दुसरं, असे दोन भाग करा, कारण पहिली पॉवरच्या पानावर लागते, दुसरा कंट्रोलच्या. पहिल्याला टॅग१ द्या (पॅरेंट, म्हणजे मुख्य सिम्बॉल), कॉन्टॅक्टला टॅग२ (चाइल्ड, म्हणजे त्याचा भाग). मग दोन्ही पानांमधला क्रॉस रेफरन्स आपोआप जुळतो. फाइलच्या नावालाही अर्थ असतो: उभ्या वायरसाठी आधी व्ही, आडव्यासाठी एच, मग दोन अक्षरांचा फॅमिली कोड (लायब्ररीत आधी वापरलेला नको), मग पॅरेंटला १, चाइल्डला २. चाइल्डमध्ये त्यापुढचा १ म्हणजे एनओ (एरवी उघडा), २ म्हणजे एनसी (एरवी मिटलेला).

वायरच्या टोकांवर सगळ्यात जास्त लक्ष द्या. तिथल्या ॲट्रिब्यूटचं नाव एक्स२टर्म०१ म्हणजे वायर वरून येते, एक्स८ खालून, एक्स१ उजवीकडून, एक्स४ डावीकडून. ०१ हा आकडा टर्म०१ शी जुळलाच पाहिजे. त्या टर्म०१ मध्ये तुमचा टर्मिनल नंबर बसतो. स्नॅप चालू ठेवूनच काढा. तीन फेजमधलं अंतर लायब्ररीतल्या तीन पोलच्या कॉन्टॅक्टरइतकंच ठेवा, नाहीतर बसच्या वायरी नेमक्या टोकावर येत नाहीत.

आता कॉन्टॅक्टकडे या. कॉन्टॅक्ट नेहमी सप्लाय बंद असतानाचा काढायचा. पुष्कळ प्रिव्हेंटरमध्ये तिन्ही फेज ठीक असताना आतली रिले पिकअप (ओढलेली) राहते आणि फेज गेला की सुटते. अशा प्रिव्हेंटरवर ११-१२-१४ असा चेंजओव्हर (११ कॉमन, ११-१२ एनसी, ११-१४ एनओ) असेल तर कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये ११-१४ येतो, आणि ड्रॉइंगवर तो उघडाच दिसला पाहिजे. काहीजण चालू अवस्थेतला मिटलेला कॉन्टॅक्ट काढतात. ते बघून कोल्हापूरच्या उद्यमनगरातला वायरमन प्रामाणिकपणे ११-१२ वर वायर मारतो. मग सप्लाय ठीक असून फाउंड्रीचा सँड मिक्सर सुरू होत नाही. आणि फेज गेल्यावर जो कॉन्टॅक्ट उघडायला हवा, तोच मिटतो! सिम्बॉल करण्याआधी त्या मेकचा डेटाशीट समोर घ्याच.

मेक आणि कॅटलॉग नंबर सिम्बॉलमध्ये भरू नका, असं माझं ठाम मत आहे. पार्टीनं मेक बदलला की जुना नंबर तसाच बीओएममध्ये जातो. ते ॲट्रिब्यूट रिकामे ठेवा, नंबर प्रोजेक्टमध्ये कॅटलॉग लुकअपमधून घ्या.

फाइल सॉफ्टवेअरच्या मूळ लायब्ररीत न ठेवता स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवून प्रोजेक्टच्या लायब्ररी पाथमध्ये जोडा. त्याचा बॅकअप घेणं सोपं जातं. मग कोऱ्या पानावर एका वायरवर कॉन्टॅक्ट टाका आणि वायर नंबर चालवा. वर एक नंबर, खाली दुसरा आला की आयकॉन मेनूत घालायला हरकत नाही.