घासलेली चासी आणि तेलाची कॅन

प्रश्न : मुलगा नोकरीला पुण्याला गेला आणि त्याची रिमोटवरची गाडी माझ्याकडे आली. रोज संध्याकाळी चिमणबागेच्या मैदानावर नेतो, मुरमावर उड्या मारायला लावतो. आता चासीचं, म्हणजे गाडीच्या सांगाड्याचं, पोट मागच्या बाजूनं घासून पातळ झालंय, स्क्रूंची डोकी गुळगुळीत झालीत, ॲलन की (सहा कोनी पाना) नुसती गरगर फिरते. गिअरबॉक्सपाशी एक चीर आहे. ती दोनदा सुपरग्लूनं चिकटवली, दोन्ही वेळा पहिल्याच उडीत सुटली. नवीन चासी मागवू का? — ५४ वर्षांचा हौशी, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : इतक्यात नको. उड्या मारणारी गाडी आपटते ती शेपटावरच, तेव्हा घासलेल्या पोटाचं फार मनावर घेऊ नका. काळजी चिरेची करा.

आधी चासी उलटी करून आतल्या बाजूला बारीक अक्षरं शोधा. ‘एबीएस’ (एक कडक प्लास्टिक) असेल तर काम सोपं. ‘पीए’ म्हणजे नायलॉन. काहीच लिहिलेलं नसेल तर कानाच्या काडीवर ॲसिटोनचा थेंब घेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासा. चिकट झालं तर एबीएस, ढिम्म राहिलं तर बहुधा नायलॉन. माझा अंदाज नायलॉनचाच, कारण त्याला बहुतेक गोंद नीट धरत नाहीत. सुपरग्लू तर वाळला की काचेसारखा कडक होतो, हादरा बसला की तडकतो. मीही एकदा त्यात खायचा सोडा घालून ‘पक्का’ सांधा केला होता. दगडासारखा झाला आणि शेजारून नवी चीर गेली!

चीर जिथं संपते, अगदी त्या टोकावर २ मिलीमीटरचं भोक पाडा. टोकाशी एकवटणारा ताण गोल भोकाच्या कडेनं वाटला जातो आणि चीर पुढं सरकत नाही. मग आतून १ मिलीमीटर जाडीची ॲल्युमिनियमची पट्टी चिरेवर आडवी ठेवून ३ मिलीमीटरच्या स्क्रूंनी आणि नायलॉक (हादऱ्यानं सैल न होणाऱ्या) नटांनी आवळा. एबीएस निघालं तर त्याचेच तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून ती लापशी चिरेत भरा आणि रात्रभर वाळू द्या. खिडकी उघडी ठेवा, गॅसजवळ बसू नका. चीर गिअरबॉक्सच्या स्क्रूच्या भोकांतून आरपार गेली असेल तर मात्र नवी चासीच घ्या. गिअरबॉक्स हलला की दातेच खाल्ले जातात.

झिजलेल्या स्क्रूच्या डोक्यात हॅक्सॉ ब्लेडनं खाच पाडा आणि साध्या पेचकसानं काढा. हटला नाही तर डोक्यावर सोल्डरिंग आयर्न क्षणभर टेकवा, पण जपून, प्लास्टिक वितळायला वेळ लागत नाही. आपल्या सियागंज बाजारात स्टीलचे सीएसके (उतरत्या, सपाट बसणाऱ्या डोक्याचे) स्क्रू मिळतात. बसवताना भोकाची वाटी थोडी खोल करा, म्हणजे डोकं पोटाच्या आत राहील.

पोटाला पत्रा लावू नका. जड होतो, दगडाला अडकतो. घरातली तेलाची रिकामी पाच लिटरची कॅन घ्या. ते प्लास्टिक घसरतं, दगडावरून सुळकन निघून जातं. कात्रीनं मागच्या भागाच्या मापाचा तुकडा कापा, मोटरजवळची हवेची भोकं मोकळी ठेवा आणि चासीच्याच स्क्रूंनी आवळा. गोंद लावायच्या भानगडीत पडू नका, याला तर गोंद नायलॉनपेक्षाही कमी चिकटतो. स्क्रू आधीच्यापेक्षा तुकड्याच्या जाडीइतके जास्त लांब घ्या. फाटला की दुसरा कापायचा, एका कॅनमधून चार-पाच सहज निघतात.

एक गंमत. नायलॉनचे सुटे भाग काही हौशी लोक पाण्यात उकळतात. नायलॉन पाणी शोषतं आणि जरा लवचीक होतं, कोरडं पडलं की ठिसूळ. आपल्या माळव्यातल्या मे महिन्यात हे करायला हरकत नाही, पण पातेलं वेगळं ठेवा. मी विचारलं नव्हतं, त्यावरून दोन दिवस चहा मिळाला नाही.

आणि महिन्यातून एकदा तो कॅनचा तुकडा काढून झटका. मधे शिरलेली मुरमाची पूड सँडपेपरसारखी चासी घासत बसते.