कॅनडात दूध-अंड्यांना कोटा आहे, मग डुकरांना का नाही? तिथल्या वराहपालकांचं यावर एकमत का होत नाही?

मी कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतात पशुखाद्याच्या कारखान्यात हिशेब बघतो. गिऱ्हाइकं बहुतेक वराहपालकच, त्यामुळे हा वाद कायम कानावर पडतो.

आधी कोट्याचं बघू. दूध, कोंबडी, टर्की आणि अंडी यांचं उत्पादन इथे देशातल्या खपाच्या हिशेबानं बांधून दिलेलं आहे. कोट्याइतकाच माल विकायचा, भाव उत्पादनखर्च बघून ठरणार, आणि बाहेरचा माल येऊ नये म्हणून जबर आयातकर. ठरलेल्या मर्यादेपलीकडच्या लोण्यावर तो 298.5 टक्के आहे! पोर्कचं, म्हणजे डुकराच्या मांसाचं, नेमकं इथेच अडतं. कॅनडात तयार होणाऱ्या पोर्कपैकी साधारण 70 टक्के अमेरिका, जपान, चीन, मेक्सिको अशा देशांत जातं. स्वतःचं दार लावून घ्यायचं आणि दुसऱ्यांनी मात्र दारं उघडी ठेवायची, हे कोण ऐकून घेईल? देशापुरताच कोटा लावला तर तीनातल्या दोन शेड रिकाम्या कराव्या लागतील. कुणाच्या, यावरच मारामारी होईल.

तरीही कोटा मागणारे आहेत आणि त्यांना हसण्यात अर्थ नाही. डुकरिणीचा गाभणकाळ तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस. पुढे पिल्लू विक्रीच्या वजनाला यायला सहा महिने. म्हणजे आज भाव बघून घेतलेला निर्णय बाजारात उतरतो दहा महिन्यांनी, तोवर सगळ्यांनी तोच निर्णय घेतलेला असतो. कांदा पिकवणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. डिसेंबर 1998 मध्ये अमेरिकेत जिवंत डुकराचा भाव पौंडाला दहा सेंटच्याही खाली गेला. इथला भाव तिथल्या भावाला बांधलेला, त्यामुळे इथेही तेच. कित्येक छोट्या लोकांनी तेव्हा धंदा सोडला.

आता जी गोष्ट बहुतेक जण कोट्यात मिसळून टाकतात ती. 1996 पर्यंत मॅनिटोबातलं प्रत्येक डुक्कर एकाच मंडळामार्फत विकलं जायचं. त्याला इथे ‘सिंगल डेस्क’ म्हणतात. किती पाळायची यावर बंधन नव्हतं, पण कत्तलखान्याला माल हवा तर मंडळाशीच बोलावं लागे. सरकारनं ती सक्ती काढली. मोठ्यांना थेट करार करता आले, 1999 मध्ये इथल्याच ब्रँडन गावी मेपल लीफ या मांस कंपनीचा प्रचंड कत्तलखाना उभा राहिला. नॅशनल फार्मर्स युनियन ही शेतकरी संघटना मात्र म्हणत आली की शेतकऱ्याची भाव करायची ताकद तिथेच गेली. माझंही मत त्याच बाजूचं आहे. कोटा पोर्कला झेपणारा नाही, पण एकत्र विक्री झेपत होती.

पण एकत्र विक्रीनंही सगळं सुटत नाही. क्यूबेक प्रांतात ती अजून आहे. तरी 2023 मध्ये ओलिमेल या मांस कंपनीनं व्हॅले-जोंक्सियाँचा कत्तलखाना बंद केला आणि डुकरं जास्त, कापायला जागा कमी अशी गत झाली. शेवटी स्वखुशीनं बाहेर पडणाऱ्यांना पैसे देऊन उत्पादन घटवायची योजना आली. हा मागच्या दारानं आलेला कोटाच, फक्त त्याच्यासोबत येणारी भावाची हमी नाही.

आमच्याकडे हटराइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या वसाहती आहेत. शेती सामाईक, आणि प्रत्येक कामाला एक प्रमुख. डुकरं सांभाळणारा तो ‘हॉग बॉस’. अशाच एकाकडे मी बिलाच्या कामाला गेलो होतो. टेबलावर दोन कागद: एक अंड्यांच्या हिशेबाचा, एक कत्तलखान्याचा. दुसऱ्यावर प्रत्येक डुकराचं सोललेलं वजन, चरबी-मांसाचा इंडेक्स आणि त्यावरून निघालेला दर. तो म्हणाला, “अंड्यांचा भाव मला आधी माहीत असतो. डुकरांचा मात्र ट्रक गेल्यावर कळतो.” मला वाटलं, हा कोट्याचा माणूस. छे! लोकसंख्या वाढली की वसाहत दुभंगते आणि नवी वसाहत उभी करावी लागते. तिच्यासाठी कोटा विकत घ्यायचा म्हणजे डोळे पांढरे होतात. ओंटारिओत दुधाच्या कोट्याला कमाल किंमत ठरवून दिली आहे, तीसुद्धा दिवसाला एक किलो स्निग्धांशामागे 24,000 डॉलर, म्हणजे साधारण एका गायीमागे. डुकरांची शेड मात्र असा परवाना विकत न घेता सुरू करता येते. ज्याच्याकडे कोटा आहे त्याला तो हवा असतो, ज्याला उद्या घ्यायचाय त्याला नको असतो.

सध्याचं भांडण आणखी वेगळं आहे. जून 2025 मध्ये सी-202 नावाचा कायदा झाला: परदेशांशी व्यापारकरार करताना कोट्यातल्या मालाची बाजारपेठ आणखी उघडून द्यायची नाही. निर्यातदारांना भीती अशी, की दुधाला हात लावता येत नाही म्हटल्यावर समोरचा देश किंमत आमच्याकडून वसूल करणार. ती अगदी हवेतली नाही. मार्च 2025 मध्ये चीननं कॅनडाच्या पोर्कवर 25 टक्के कर लावला, कारण कॅनडानं चिनी इलेक्ट्रिक गाड्यांवर 100 टक्के लावला होता. गाड्यांच्या भांडणात डुकरांचा काय संबंध? पण झळ त्यांना बसली. कॅनेडियन पोर्क काउन्सिल ही वराहपालकांची देशपातळीवरची संघटना ज्या निर्यातदार आघाडीत आहे तिनं दुधाला असं कायद्याचं कवच द्यायला विरोध केला, आणि क्यूबेकच्या वराहपालकांची संघटना ज्या शेतकरी महासंघात आहे तो त्याच कवचाच्या बाजूनं उभा होता.