अष्टमीच्या चंद्रावरचे सपाट रान

प्रश्न : शुक्ल अष्टमीला गच्चीवरून लहान दुर्बिणीने चंद्र पाहताना उजेड-अंधाराच्या सीमेलगत एका रांगेत तीन मोठी विवरे दिसली. त्यांतील सर्वांत मोठ्याचा तळ वखर फिरवलेल्या रानासारखा सपाट होता. हे विवर कोणते? मराठवाड्याच्या जमिनीप्रमाणे हा तळही लाव्हारसाने घडला असेल का?
– एक वाचक, जिंतूर

उत्तर : आपण पाहिलेले विवर टॉलेमेयस होय, रांगेतील उरलेली दोन अल्फॉन्सस आणि अर्झाकेल. टॉलेमेयसचा व्यास सुमारे १५३ किलोमीटर आहे. परभणी शहर मध्यावर धरून एवढे वर्तुळ काढले, तर नांदेड आणि हिंगोली दोन्ही आत मावतात. आपल्या शेजारचे लोणार जेमतेम १.८ किलोमीटरचे, टॉलेमेयसच्या तळावर ठिपक्याएवढे दिसणारे अमोनियस विवरच सुमारे ९ किलोमीटर रुंद आहे. गंमत अशी, की या विवराच्या मध्यावर उभ्या माणसाला क्षितिज अडीच किलोमीटरवरच लागेल आणि चंद्राच्या वक्रतेमुळे भोवतालच्या कड्याचा खालचा दीड किलोमीटर भाग दिसणारच नाही.

लाव्हारसाचा आपला तर्क बरोबर नाही, परंतु एकेकाळी अनेक भूवैज्ञानिकांचाही तोच होता. चंद्राच्या उंच प्रदेशातील अशी फिकट मैदाने ज्वालामुखीजन्य असावीत, या अपेक्षेने एप्रिल १९७२ मध्ये अपोलो १६ चे यंग आणि ड्यूक डेकार्ट परिसरातील तशाच एका मैदानावर उतरले. त्यांनी आणलेले दगड मात्र प्रामुख्याने आघातांनी फुटून पुन्हा सांधले गेलेले निघाले, आपल्याकडच्या काळ्या पाषाणासारखे नव्हेत. त्यामुळे आता असे मानले जाते, की सुमारे ३९० कोटी वर्षांपूर्वी इंब्रियमचे प्रचंड खोरे ज्या आघाताने खोदले गेले, त्याच आघाताने उधळलेला मलबा त्याहून जुन्या टॉलेमेयसमध्ये येऊन साचला. याची खूण आपल्या दुर्बिणीतूनही दिसते : लाव्हाची मैदाने काळपट असतात, हा तळ मात्र आसपासच्या डोंगराळ भागाइतकाच फिकट आहे. कड्यांवरचे लांबट चरही इंब्रियमच्या दिशेने रोखलेले आहेत.

शेजारच्या अल्फॉन्ससच्या तळावर काळसर डाग आहेत, ते मात्र ज्वालामुखीच्या राखेचे मानतात. याच विवरात २४ मार्च १९६५ रोजी रेंजर ९ हे यान छायाचित्रे पाठवत आदळले होते.

पुढच्या अष्टमी-नवमीला टॉलेमेयसच्या तळावर बुजलेल्या विवरांच्या उथळ बशा शोधून पाहा. तिरप्या उन्हातच त्या उमटतात. पौर्णिमेच्या चंद्रावर त्यांचा मागमूसही राहत नाही.