निर्बंध उठले, तरी आई चर्चला का येत नाही?

“सगळे सुरू झाले, मग आमच्याच घरातले माणूस बाहेर का पडत नाही?” २०२२ च्या उन्हाळ्यापासून सांगली जिल्ह्यातील खेड्यांतून समुपदेशनासाठी येणाऱ्या कुटुंबांनी हा प्रश्न इतक्या वेळा विचारला आहे की, त्याचे उत्तर एका घराच्या अनुभवाच्या आधारे सविस्तर द्यावे असे वाटते. महाराष्ट्रातील उरलेले सर्व निर्बंध २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याला, उठले आणि मास्क ऐच्छिक झाला. चैत्रातल्या जत्रा भरल्या, हरिनाम सप्ताहांच्या पंगती बसल्या आणि दोन वर्षे एसटी बसने गेलेल्या पालख्यांची वारी त्या वर्षी पुन्हा पायी निघाली. मात्र प्रत्येक गावात काही माणसे अशी राहिली की ज्यांच्यासाठी निर्बंध उठलेच नव्हते. कोणाच्या घरचे आजोबा सप्ताहाच्या मंडपाकडे फिरकेनासे झाले होते, तर कोणाची आई चर्चला.

पुढील हकिकत वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावातील आहे. ती कुटुंबाच्या संमतीने लिहीत असून ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

ईस्टरनंतरच्या आठवड्यात एक तरुण शेतकरी भेटायला आला. त्या वर्षी ईस्टर १७ एप्रिलला होता. २०२० चा ईस्टर संपूर्ण टाळेबंदीत गेला होता आणि २०२१ चा वाढत्या रुग्णसंख्येच्या धास्तीत, त्यामुळे तीन वर्षांनी प्रथमच गावातली मंडळी पहाटे प्रभातफेरी काढून, टाळ-पेटीवर भजने म्हणत चर्चपर्यंत गेली होती. त्याची आई मात्र घरातच होती. महिला मंडळाची चिटणीस म्हणून तिने अनेक वर्षे काम केले होते, पहाटेच्या फेरीत पहिले भजन तीच उचलायची. आता ती रविवारी सुनेच्या मोबाइलवर कुठल्या तरी शहरातली उपासना पाहते, कधी अर्ध्यावरच बंद करते आणि “बरं वाटत नाही” एवढेच सांगते. चर्चच्या मंडळीत त्यावरून बोलणे सुरू झाले होते. कोणी म्हणे तिचा विश्वास गेला, कोणी म्हणे मोबाइलची सवय लागली. एका वडीलधाऱ्या पंचांनी तर एकत्र मिळणे सोडू नका असे सांगणारे बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रातले वचन तिच्या दारात उभे राहून वाचून दाखवले होते. मुलाची चिंता अगदी सरळ होती. “मॅडम, आईला तिथं न्यायचं कसं, तेवढं सांगा.”

मी प्रथम त्यांच्या घरी गेले. वयस्कर माणूस बाहेर पडत नसेल तेव्हा त्याच्यावर कोणताही अर्थ लादण्याआधी शरीराची आणि मनाची तपासणी करावी, असे माझे ठाम मत आहे. कोविडनंतर अनेकांना दीर्घकाळ थकवा आणि धाप राहिली, आणि वाढलेली साखर, कमी झालेले हिमोग्लोबिन किंवा ऐकू कमी येणे यांमुळेही माणूस चारचौघांत जाणे टाळतो. मावशींना, म्हणजे त्याच्या आईला, स्वतःलाही कोविड होऊन गेला होता, म्हणून डॉक्टरांकडून तपासण्या करून घेतल्या. मधुमेह आटोक्यात होता आणि श्वसनाचा त्रास नव्हता. झोप मोडकी होती, जेवण कमी झाले होते, पण त्या स्वयंपाक, म्हशीची धार, नातवंडांचा अभ्यास असे सगळे करत होत्या. जीव नकोसा वाटतो का, हा प्रश्न मी त्यांना थेट विचारला. तो विचारल्याने विचार बळावतो ही समजूत खरी नाही. त्यांनी शांतपणे नाही म्हटले आणि मग बराच वेळ त्या गप्प राहिल्या.

त्यांचे पती मे २०२१ मध्ये, दुसऱ्या लाटेत, कोविडने गेले होते. हे मुलाने मला सांगितले होते, पण एखाद्या जुन्या नोंदीसारखे, ओघात. मी त्या दिवसांविषयी विचारले तेव्हा मावशी म्हणाल्या, “ताई, माणूस गेलं आन् दारात कुणी चप्पल काढली न्हाई.”

त्या वेळी अंत्यविधीला वीस माणसांची मर्यादा होती, पण त्यांच्याकडे वीसही जमली नाहीत. मावशी स्वतः बाधित असल्याने विलगीकरणात होत्या. पतींना गावच्या दफनभूमीत, त्यांच्या आईवडिलांशेजारी जागा मिळाली नाही. शहरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत मुलगा आणि दोन नातेवाईक दूर उभे असताना विधी उरकला. मावशींनी ना चेहरा पाहिला, ना कबर. विलगीकरण संपवून त्या बाहेर आल्या, तरी गावात रुग्ण वाढतच होते. जुलैत कृष्णेला पूर आला आणि निम्मे गाव पाहुण्यांकडे किंवा निवारा केंद्रात गेले. ऑगस्टमध्ये राज्यात इतरत्र शिथिलता आली, तेव्हाही सांगली आणि सातारा हे दोन्ही जिल्हे निर्बंध कायम राहिलेल्या अकरा जिल्ह्यांत होते. प्रार्थनास्थळे ७ ऑक्टोबरला, घटस्थापनेला, उघडली, तोवर पाच महिने उलटले होते. आपल्याकडे मयताच्या घरी जायचे ते लगेच जायचे असते. इतक्या उशिरा कोणत्या तोंडाने जावे, या संकोचात माणसे थांबली. जानेवारीत तिसरी लाट आली आणि तो संकोच कायमचा झाला.

हे कोणत्याही घराला लागले असते, पण या घराला ते अधिक लागण्याचे एक कारण आहे. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत मिशनचे रुग्णालय उभारल्यानंतर आसपासच्या अनेक ख्रिस्ती कुटुंबांत शुश्रूषेचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. मावशींच्या सासूबाई नर्स होत्या. गावात कोणाचे बाळंतपण अडो की कोणाला ताप चढो, पहिली हाक या घराला असे, आणि सासूबाईंच्या मागे तो शिरस्ता मावशींनी पाळला. मयताच्या घरी पहिली भाकरी नेणाऱ्यांत त्या असत, मग ते घर ख्रिस्ती असो, मराठ्यांचे असो वा मुसलमानांचे. ज्या बाईने सगळ्यांचे दुःख दारात जाऊन वाटून घेतले होते, तिच्या दारात कोणी आले नव्हते.

दुसरी गोष्ट कळायला आणखी काही भेटी गेल्या. मार्च २०२१ च्या अखेरच्या आठवड्यात, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, महिला मंडळाची प्रार्थना मावशींच्या घरी झाली होती. बायका दाटीवाटीने बसल्या, भजने झाली, चहा झाला. त्यानंतर पती आजारी पडले आणि मावशींच्या मनाने निकाल देऊन टाकला. “माझ्याच घरातल्या प्रार्थनेनं त्यांना न्हेलं,” हे वाक्य त्या वर्षभर स्वतःशी बोलत होत्या आणि घरात कोणालाही ते ठाऊक नव्हते. त्याच बायकांमध्ये बसून तीच भजने म्हणायला चर्चला जायचे, हा मुलाचा आग्रह त्यांना कसा वाटत असेल याची कल्पना यावरून यावी.

त्या आजाराचे गणित मी त्यांच्यासमोर मांडले, पण लगेच नाही. संसर्गापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस आणि जास्तीत जास्त चौदा दिवस जातात. त्यांच्या पतींना ताप आला तो एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे प्रार्थनेनंतर जवळपास महिन्याने. प्रार्थनेला आलेली एकही बाई त्या पंधरवड्यात आजारी पडली नव्हती. एप्रिलमध्ये डेल्टा विषाणू घरोघर फिरत होता, आणि पती रोज दूध घालायला डेअरीत आणि बियाणे-खतांसाठी बाजारात जात होते. ही माहिती पहिल्याच भेटीत दिली असती तर त्यांनी मान डोलावली असती आणि मनातला निकाल तसाच राहिला असता. अपराधीपणाला आधी पूर्ण ऐकून घ्यावे लागते. त्यांनी पतीच्या शेवटच्या फोनपासून सगळे सांगितले, रडल्या, आणि मग एके दिवशी स्वतःच विचारले की हा आजार अंगात किती दिवस लपून राहतो. तेव्हा आम्ही दिनदर्शिका काढून तारखा बघितल्या.

दरम्यान मी चर्चच्या पाळकसाहेबांना, म्हणजे धर्मगुरूंना, आणि महिला मंडळातील दोघींना भेटले. पाळकसाहेब तरुण होते. दुसऱ्या लाटेत त्यांनी घरोघर फोनवर प्रार्थना केली होती आणि स्वतःही आजार काढला होता. आता बाके रिकामी दिसत, दानाची रक्कम घटलेली, संडे स्कूलची मुले विखुरलेली, आणि या सगळ्याचा भार त्यांच्या एकट्याच्या खांद्यावर होता. त्यांना मी एवढेच विचारले की, जे येत नाहीत त्यांच्यापैकी किती घरांत या दोन वर्षांत मयत झाले आहे. त्यांनी मनात मोजले आणि ते गप्प झाले. महिला मंडळातल्या बायकांनी तर मला निरुत्तर केले. मार्चमधली प्रार्थना त्यांच्याही मनात होती. “आम्ही गेलो आन् त्यांनी आमालाच इचारलं, तुम्ही आणलं का ते, तर काय बोलायचं?” म्हणून त्या गेल्या नव्हत्या. एकीकडे मावशी स्वतःला दोष देत होत्या, दुसरीकडे बायका त्यांच्या दोषाला भीत होत्या, आणि दोन्हीकडची माणसे रविवारची वेळ एकमेकींना टाळून काढत होती.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर इथे होते. आईला चर्चकडे नेण्याआधी मंडळीने आईच्या घरी यायला हवे होते. जी भेट मे २०२१ मध्ये राहून गेली, ती आता, उशिरा का होईना, द्यायची होती, आणि तीही चर्चला चला असे एकदाही न म्हणता. ही अट मी घातली होती आणि ती पाळणे पाळकसाहेबांना जड गेले, पण त्यांनी ती पाळली. मे महिन्यात, वर्षश्राद्धाच्या सुमारास आपल्याकडे जसे लोक येतात तसे, बायका भाकरी-पिठले घेऊन आल्या. शेजारचे मराठा कुटुंब आले आणि डेअरीतली माणसेही आली. कोणी उपदेश केला नाही. एका बाईने मार्चच्या प्रार्थनेचा विषय स्वतःहून काढला, आणि वर्षभर दोन्ही घरांत कोंडलेले बोलणे त्या दुपारी झाले. पुढच्या आठवड्यात मावशी मुलासोबत शहरातल्या दफनभूमीत गेल्या, तेव्हा पाळकसाहेब बरोबर होते. जी प्रार्थना वर्षापूर्वी दुरून घाईत झाली होती ती त्यांनी कबरीपाशी सावकाश, पूर्ण केली.

त्यानंतरही मावशी लगेच चर्चला गेल्या नाहीत, आणि ते स्वाभाविक होते. टाळण्याने भीतीला तात्पुरता आराम मिळतो, म्हणून टाळणे वाढत जाते, आणि ते मोडायचे तर पायरी-पायरीनेच मोडावे लागते. आधी त्या मधल्या वारी, चर्च रिकामे असताना जाऊन बसल्या. मग एका रविवारी दाराजवळच्या बाकावर बसल्या आणि दुसरे भजन सुरू होताच छातीत धडधड होऊन घरी परतल्या. कोणी मागे धावले नाही, कोणी संध्याकाळी चौकशीचा जमावही केला नाही. फक्त एकजण दुसऱ्या दिवशी ताक घेऊन गेली.

याच काळात मंडळीनेही आपल्यात बदल केले, आणि त्यांचा मावशींना थेट उपयोग झाला. महिन्यातून एक उपासना चर्चच्या आवारात कडुनिंबाखाली होऊ लागली, कारण मोकळ्या हवेत संसर्गाची शक्यता बरीच कमी असते आणि अंतर ठेवून बसता येते. आत बसायचे तेव्हा सगळ्या खिडक्या उघड्या राहू लागल्या. प्रभुभोजनासाठी वेगवेगळ्या लहान पेल्या आल्या, हात मिळवण्याऐवजी हात जोडून ‘जय ख्रिस्त’ म्हणण्याची मोकळीक राहिली, आणि मास्क लावणाऱ्याला कोणी टोकायचे नाही असे पंचांनी जाहीर केले. मोबाइलवरची उपासना बंद करावी असा काहींचा आग्रह होता. मला तो योग्य वाटला नाही. अंथरुणाला खिळलेल्यांना आणि पुण्या-मुंबईत गेलेल्या मुलांना ती जोडून ठेवते. मोबाइल माणसांना चर्चपासून तोडतो हे मला फारसे पटत नाही. बहुतेकदा माणूस आधीच तुटलेला असतो आणि मोबाइल ते झाकतो.

अशाच चिंतेने हे वाचणाऱ्यांनी आपल्या घरातले माणूस कशाला टाळते आहे हे आधी शोधावे. आजाराच्या संसर्गाची भीती असेल तर लस, मोकळी जागा आणि कमी गर्दीची वेळ यांनी ती हळूहळू ओसरते. पण घरात त्या दोन वर्षांत मृत्यू झाला असेल आणि त्याचा दुखवटा नीट झाला नसेल, तर गर्दीत नेण्याची घाई करू नये, आधी माणसे घरी आणावीत. शोक लांबणे हे दरवेळी आजाराचे लक्षण नसते. मात्र सहा महिने ते वर्ष उलटूनही तीव्र ओढ आणि वेदना रोजचे जगणे अडवत असतील, तर तो उपचार लागणारा लांबलेला शोक असू शकतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ पासून अंमलात आलेल्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र स्थान दिले आहे. जेवण-झोप पार बिघडली, अंघोळ-कपड्यांकडेही लक्ष राहिले नाही किंवा जगणे नको अशी भाषा येऊ लागली, तर वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांकडे जावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतही.

पाळकसाहेबांनी पुढे पंच कमिटीत एक ठराव केला. त्या दोन वर्षांत गावातल्या ज्या घरांत मयत झाले आणि कोणी भेटायला जाऊ शकले नाही, अशा सर्व घरांची, मग ती कोणत्याही समाजाची असोत, यादी करून दर आठवड्याला एका घरी जायचे. त्या कामात मावशी सगळ्यात आधी सामील झाल्या. चर्चला त्या अजून दर रविवारी येत नाहीत, कडुनिंबाखालची उपासना मात्र चुकवत नाहीत. मुलाने मागच्या भेटीत विचारले की आईने पुन्हा चिटणीसपद घ्यावे म्हणून आग्रह करू का. मी त्याला तो विषय आईवर सोडायला सांगितले.