इतिहास सांगून पोट भरायचंय? आधी अर्जावर 'गाईड' लिहा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. लहानपणापासून देवळं-किल्ल्यांचं वेड, इतिहासात एम.ए., घरचे बी.एड.साठी मागे लागलेले, आणि तुम्हाला डिचोलीतच राहून इतिहासाच्या गोष्टी सांगण्यावर पोट भरायचंय. शेवटी लिहिलंय, 'कार्यालयात गेलो तर म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही.' अगदी हेच मी ऐकलेलं आहे. वाचन, आवाज, पाठांतर यावर काही सांगत नाही, ते तुमच्याकडे असणारच.

माझं सगळ्यात जास्त नुकसान एका कार्यालयाने केलं. नाव घेत नाही. अर्जात व्यवसाय म्हणून मी 'ऐतिहासिक कथाकथन' लिहिलं होतं. पहिल्या टेबलावर म्हणाले, हे पर्यटनात बसत नाही, कलेकडे जा. तिथे विचारलं, गाता? नाटकात काम करता? नाही? मग तुम्ही गाईड, परत तिकडेच जा. साहेब रजेवर, मग साहेबांची बदली, नव्या साहेबांना सगळं पहिल्यापासून सांगा. 'नाही' असं लेखी दिलं असतं तरी मी मोकळा झालो असतो, पण सही कुणालाच करायची नव्हती. त्यात पर्यटनाचा अख्खा हंगाम गेला. एका शाळेने ठरवलेला कार्यक्रमही नोंदणी नाही म्हणून रद्द झाला. त्या इमारतीवरून जाताना आजही चीड येते.

म्हणून माझं स्पष्ट मत: कागदावर गाईडच व्हा. गोव्यातला पर्यटन व्यवसाय नोंदणीचा कायदा १९८२चा आहे आणि गाईड म्हटलं की टेबलावरच्या माणसाला लगेच कळतं. प्रत्येक अर्जाच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, तोंडी उत्तर घेऊन घरी येऊ नका. (नियम आणि फी बदलत असतात, स्वतः खात्री करा. हा माझा अनुभव आहे, कायदेशीर सल्ला नव्हे.)

आता कामाबद्दल. सगळे जुन्या गोव्यापासून सुरुवात करतात, तुम्ही आपल्या तालुक्यातल्या नार्व्यापासून करा. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर लिंग नदीपलीकडे नार्व्याला आलं, आणि १६६८मध्ये शिवाजी महाराजांच्या आज्ञेने तिथल्या देवळाचं काम सुरू झालं. मी लोकांना दिवाडीहून फेरीबोटीने नेतो. लिंग पलीकडे गेल्याची गोष्ट बोटीवरच सांगायची आणि बोट धक्क्याला लागायच्या आत संपवायची. देवळाच्या दाराशी गेल्यावर मी बोलत नाही. वरचा शिलालेख एखाद्या शाळकरी मुलाला वाचायला लावतो. शके १५९०, कार्तिक कृष्ण पंचमी, सोमवार. अक्षरं जुन्या वळणाची, मूल अडखळतं, मोठी माणसं मागून मदत करतात. 'शिवराज्ञा' लागलं की सगळ्यांच्या माना वर होतात. तिथे तुम्ही भाषण ठोकलंत तर सगळं वाया गेलं म्हणून समजा.

भुतं आणि भुयारं कृपा करून सांगू नका. लोक मागतात, टाळ्याही मिळतात, पण एकदा ती सवय लागली की खरं सांगणं अळणी वाटायला लागतं. खऱ्यात काय कमी आहे? जॉर्जियाची राणी केतेवान १६२४मध्ये इराणमधल्या शिराझला मारली गेली, तिचे अवशेष जुन्या गोव्यात सेंट ऑगस्टीनच्या मठात आले. तो मठ ढासळला, १९३१मध्ये मनोऱ्याचा अर्धा भाग कोसळला. पुढे उत्खननात हाड सापडलं, हैदराबादच्या प्रयोगशाळेत त्याची डीएनए तपासणी झाली, आणि २०२१मध्ये ते अवशेष भारताने जॉर्जियाला दिले. हे सांगताना मी आजही भारावतो.

मोडी शिका, थोडी पोर्तुगीजही. पणजीत पाट्टोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात नियमित बसा, आणि आपण सांगतो त्या प्रत्येक वर्षाचा आधार वहीत लिहून ठेवा, कारण गटात कुणीतरी निवृत्त मास्तर असतातच आणि ते विचारतात. मानधनातली निम्मी रक्कम आधी घ्या, गावातल्या ओळखीच्यांकडूनही. आणि १८ जूनसाठी, म्हणजे गोवा क्रांतिदिनासाठी, राममनोहर लोहियांच्या मडगावच्या १९४६च्या सभेवर कार्यक्रम बसवणार असाल तर शाळांना एप्रिलच्या आत पत्रं द्या. मे महिन्यात उचलायला कुणी नसतं, आणि जूनमध्ये पाऊस असतो, तेव्हा सभागृह धरूनच बोला.