इतवारी नागपूरच्या ‘डाऊनटाऊन’मध्ये धरायची का, की डाऊनटाऊन म्हणजे फक्त सीताबर्डी?

तुम्ही बदली होऊन नागपूरला येताय, इतवारीत घर मिळतंय, आणि ऑफिसातल्या कुणीतरी सांगितलं की डाऊनटाऊन म्हणजे बर्डी, इतवारी वेगळी. धरायची म्हणजे काय, आधी इतवारी-महाल धरा, मग बर्डी.

हेच वाक्य मी 2018 मध्ये मुलीच्या साक्षगंधाला ऐकलं. पाहुणे पुण्याचे, उतरले होते बर्डीवर. त्यांची सगळी व्यवस्था आमच्या साडभाऊंकडे होती, ते धरमपेठेत राहतात. पाहुण्यांनी त्यांना विचारलं, मुलीचं घर शहरातच आहे ना? साडभाऊ म्हणाले, “नाही, ते जुन्या वस्तीत. शहराच्या बाहेर पडतं, तास-दीड तास हातात ठेवा.” बर्डीवरून कॉटन मार्केटमार्गे आमचं घर तीन-साडेतीन किलोमीटर! अकराची वेळ दिलेली, पाहुणे पावणेदहालाच दारात. मुलीचे केस ओले, सांबारवडीचा पहिला घाणा कढईत, खुर्च्या अजून रिक्षातून उतरत होत्या. मुलाचे काका चांगले माणूस, तेच ओशाळले. म्हणाले, आम्हाला वाटलं गावाबाहेर जायचंय.

वडील तेव्हा 84 वर्षांचे. किराणा ओळीत पन्नास वर्षं दिवाणजी होते. पाहुण्यांना पाणी दिलं, मग मला आत बोलावून म्हणाले, “काहून रे, आपलं घर शहराबाहेर केव्हा गेलं?” त्या दिवशी ते धड जेवलेही नाहीत.

आता ऐका. बख्त बुलंद शाहने 1702 च्या सुमारास नागपूर वसवलं. पुढे रघुजी भोसल्यांनी इथे राजधानी केली, ती महाल भागात. इतवारी, बुधवारी, शुक्रवारी ही नावं बाजाराच्या वारांवरून पडली. तेव्हा बर्डी कुठे होती? शहराबाहेरच्या टेकड्या. इंग्रजांची रेसिडेन्सी त्या बाजूला, म्हणून नोव्हेंबर 1817 ची लढाई त्या टेकड्यांवर झाली. शहर आणि टेकड्यांच्या मध्ये जुम्मा तलाव, आजचा गांधीसागर. किल्ला लढाईनंतर बांधला. रेल्वे आली, सिव्हिल लाईन्स झाली, कचेऱ्या पश्चिमेला गेल्या, तशी बर्डी वाढली. धरमपेठ तर त्याच्याही नंतरची.

साडभाऊ बर्डीजवळचा झिरो माईलचा दगड पुढे करतात. तो मोजणीसाठी रोवलेला दगड आहे, त्याच्यावरून बाजार ठरत नाही. उमरेड-भंडाऱ्याकडचं कुटुंब लग्नाचा बस्ता बांधायला गांधीबागेत येतं, सोनं घ्यायला इतवारीच्या सराफ्यात. गणपती चितार ओळीतून आणतात, धरमपेठवालेही. आणि आमच्याकडे कुणी बर्डीला निघालं की “बर्डीवर जाऊन येतो” म्हणतं. “शहरात जाऊन येतो” म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नाही. शहरातला माणूस शहरात कशाला जाईल?

तुमच्या भाषेतल्या डाऊनटाऊनचा अर्थ ऑफिसं, मॉल आणि मेट्रोचं जंक्शन एवढाच असेल, तर ते बर्डीवर आहे, हे मान्य. पण चितार ओळी चौकाचं मेट्रो स्टेशन डिसेंबर 2022 पासून सुरू आहे, बर्डीपासून पाचवं. म्हणजे जंक्शनही लांब नाही.

घर घ्या. मात्र चारचाकी असेल तर ती कुठे ठेवणार हे घरमालकाला आधी विचारा, बऱ्याच गल्ल्यांत जागाच नाही. ऑफिस मिहानमध्ये असेल तर रोजचं अंतर जड जाईल, तिथे माझा आग्रह नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते, त्या दिवशी गाडी काढायचा विचारही करू नका, खाली उतरून मिरवणूक पाहा. आणि इतवारी कशी आहे हे पश्चिम नागपुरातल्या माणसाला विचारू नका. सकाळी दहाला शहीद चौकात स्वतः उभे राहा.

साडभाऊ इथे वाचतात, मला माहीत आहे. भाऊ, लग्न उत्तम झालं, मुलगी सुखात आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण बाबा गेले तोवर दोन वर्षं होती तुमच्याकडे. एकदा घरी येऊन “चुकलं, शहरातच आहे” एवढं म्हणायला हवं होतं.